आपली होडी आकाशातून दिसणार, मग एलईडीवाला पण दिसू दे



गेले काही दिवस होड्या ओढताना, जाळी शिवताना एकच विषय चालू आहे, ट्रान्सपॉन्डर. कोण म्हणतो फुकट मिळतंय तर लावून घ्या, कोण म्हणतो आपण कुठं जातो ते सरकारला कशाला कळायला हवं? आमच्या कमिटीत पण दोन्ही बाजूचे आहेत. म्हणून संस्थेला काय वाटतं ते इथं लिहितो.

आधी यंत्र काय ते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ही योजना सुरू केली. किनाऱ्यावरची ९ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेश, मिळून १ लाख नौका, खर्च ३६४ कोटी. म्हणजे एका नौकेमागे साधारण ३६ हजार रुपये, आणि मालकाला एक पैसा द्यायचा नाही. तंत्र इस्रोचं. मोबाइलची रेंज किनारा सोडला की थोड्या अंतरावर जाते, व्हीएचएफ पण एका मर्यादेपर्यंतच. हे यंत्र थेट उपग्रहाशी बोलतं. बोलतं म्हणजे लिहून, आवाज नाही. फोनवर नभमित्र नावाचं अ‍ॅप, त्यावर वादळाचा इशारा येतो आणि आपल्याला संकटाचा निरोप पाठवता येतो.

दोन्ही बाजूंनी निरोप जातो हे महत्त्वाचं. इस्रोचं जुनं संकट-यंत्र २०१० पासून होतं, पण त्यात बटण दाबलं की निरोप जायचा आणि आपण वाट बघत बसायचं. कोणाला पोचला की नाही, काही कळत नसे. बुडत्या होडीवर माणसाला दुसरं काय हवं असतं? कोणीतरी ऐकलं एवढं कळलं तरी हातात बळ येतं.

ज्यांना हे सगळं फालतू वाटतं त्यांनी ११ नोव्हेंबर २००९ आठवावा. फयान. त्या दिवशी कोकण किनाऱ्यावरचे किती जण परत आले नाहीत ते आपल्या पट्ट्यात कोणाला सांगायची गरज नाही. २०१७ च्या ओखीत पण तेच झालं. केरळ-तामिळनाडूच्या नौका आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या, इशारा मागून आला आणि त्यांना गाठायचं साधनच नव्हतं. त्यातल्या काही वाऱ्याबरोबर वर येत देवगडला लागल्या, म्हणून वाचल्या. तेव्हा जीव वाचवणाऱ्या वस्तूला आम्ही नको म्हणणार नाही. लावायचंच.

युद्धासाठी शोधलेल्या गोष्टी होडीत येणं नवीन नाही. पाणबुडी शोधायचं जे तंत्र, त्याच तत्त्वावर जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे शोधायचं यंत्र काढलं. आज तो फिशफाइंडर. जीपीएस अमेरिकेच्या लष्कराचं. सामान्य माणसाला जागा थोडी चुकीची दिसावी अशी सोय त्यांनी मुद्दाम ठेवली होती, ती मे २००० मध्ये काढली, आणि मग पाण्याखालची खडपं बरोबर सापडायला लागली. आता आपल्या देशाचं नाविक आहे.

पण शास्त्र कोणाच्या हातात पडतं ते पण बघायला हवं. निळा एलईडी शोधणाऱ्या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. चांगलंच झालं, घराघरात कमी विजेत उजेड आला. तोच दिवा जनरेटरवर लावून रात्रीचा समुद्र दिवसासारखा उजळतात, लहानमोठी सगळी मासळी उजेडाला गोळा होते आणि एका रात्रीत उचलली जाते. सकाळी आपण जाळं टाकतो ते कोणासाठी? नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी आणि बुल ट्रॉलिंग दोन्ही बंद केलं. कागदावर बंद आहे. रात्री किल्ल्याकडून बाहेर नजर टाका आणि तुम्हीच सांगा.

हैदराबादच्या इन्कॉइसचं बघा. पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहातून मोजून मासळी कुठं मिळेल ते ते सांगतात. ढग असले की जमत नाही, पण एरवी कामाचं. माहिती सगळ्यांना सारखीच मिळते, पण इंजिन सारखं नाही ना! आपली आउटबोर्डची होडी तिथं पोचेपर्यंत मोठा ट्रॉलर जाळं ओढून मोकळा.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की हे यंत्र आपल्यावर डोळा ठेवणार असेल तर सगळ्यांवर ठेवू दे. गोव्याचा मासेमारी कायदा १९८० चा. त्यासाठी रापणकार रस्त्यावर उतरले होते, किनाऱ्याजवळचा ५ किलोमीटरचा पट्टा त्या लढ्यातून आला. आता कुठला ट्रॉलर त्या पट्ट्यात शिरला ते कळायला गस्तीची बोट पण लागणार नाही, पडद्यावर दिसेल. पण यंत्र बंद करून आत शिरलं तर? मग यंत्र बंद ठेवणं हाच गुन्हा धरा.

आणि आमचं गाव नदीच्या पलीकडे, सिंधुदुर्गाला चिकटून. ९ जानेवारी २०२५ पासून महाराष्ट्राने किनाऱ्यावर ड्रोनने बेकायदा मासेमारीवर नजर ठेवायला सुरुवात केली. ड्रोनला आपली हद्द असते, बांगड्याला नसते. एलईडीवाला पण हद्दीचा फायदा घेतो, इकडून हाकलला की तिकडे. दोन्ही राज्यांनी ट्रान्सपॉन्डरची आणि ड्रोनची माहिती एकमेकांना दिली नाही तर तेरेखोलच्या तोंडावर हा खेळ असाच चालणार.

लहान होडीचा प्रश्न वेगळा. आमच्या होडीला छप्पर नाही, लाटेचं पाणी सगळीकडे. यंत्र बसवायचं कुठं, बॅटरी कशी टिकणार, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांत? मे महिन्यात बिघडलं आणि ऑगस्टमध्ये दुरुस्त झालं असं नको. इशारे मराठी-कोकणीत यायला हवेत, आणि वाचता न येणाऱ्या तांडेलासाठी आवाजात.

पुढच्या सभेत तीन गोष्टी ठरावात घालणार आहोत. यंत्र घ्यायचं. ५ किलोमीटरच्या आत कोण आलं त्याची नोंद दर महिन्याला संस्थांना मिळावी. आणि दोन राज्यांच्या मत्स्य खात्यांची एकत्र बैठक तेरेखोल किंवा केरीला व्हावी, पणजीला नको. कोणाला काही घालायचं किंवा काढायचं असेल तर खाली लिहा, नाहीतर ऑफिसात या. येताना नौकेच्या नोंदणीची झेरॉक्स आणा, बऱ्याच जणांची अजून यायची आहे.