नकळत दारू सुटत नाही

‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे पोचली आहे. चहात किंवा भाजीत पूड मिसळायची, एवढंच सांगितलेलं असतं. रोजच्या भांडणांनी थकलेली बायको, नाहीतर आई, घरखर्चातून चार पैसे बाजूला काढून ती पूड आणते. तिला दोष देता येत नाही. तिला दुसरा रस्ता कुणी दाखवलेलाच नसतो.

पण त्या पुडीत काय आहे हे विकणारा सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असेल तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. हे औषध अंगात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरही ते देतात, पण तपासण्या करून आणि रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन. लपवून दिलेल्या औषधाने विश्वासही जातो, आणि उपचाराला पहिल्यांदा तोच लागतो.

शपथ घालून, खोलीत कोंडून दारू एकदम तोडणंही तितकंच घातक. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात. घरच्यांना ते नाटक वाटतं. अशा वेळी त्याला तडक रुग्णालयात न्यायला हवं.

उपचाराच्या जागा आहेत. पुण्यात येरवड्याचं ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथला उपचार पस्तीस दिवसांचा असतो आणि त्यात घरच्यांनाही सामावून घेतात. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या गटाच्या सभांना फी नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट वेगळे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींनाही आजारात धरलं आहे. म्हणजे सरकारी दवाखान्यात उपचार मागणं हा हक्क आहे, तिथे मान खाली घालून जायचं कारण नाही.

पुन्हा प्यायला म्हणून उपचार फुकट गेले, असंही समजू नये. या आजारात घसरण होते. परत न्यावं लागतं.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पिणारा तयार होईपर्यंत थांबू नका. पहिला फोन घरच्यांनी केला तरी चालतो.