आमच्या आयांचे म्हातारपण कोण मोजणार?

वकिलीच्या व्यवसायात रोज माणसे भेटतात. पण काहींची गाठ मनातून जात नाही. गेल्या वर्षी एक मावशी माझ्याकडे आल्या. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा त्यांचा अर्ज तहसील कार्यालयातून परत आला होता. योजनेला वयाची ६५ वर्षे पूर्ण लागतात आणि मावशींच्या आधार कार्डावर वय पडले होते ५८. जन्माचा दाखला नाही. शाळेचा दाखला नाही, कारण शाळाच पाहिलेली नाही. वय विचारले तर म्हणाल्या, "बाबासाहेब गेले तवा मी रांगत होते, असं आई सांगायची." हिशेब केला तर बाई सत्तरीला टेकलेली! ६ डिसेंबर १९५६ हा दिवस आमच्या वस्तीत कोणी विसरत नाही; पण तहसीलच्या रकान्यात तो पुरावा म्हणून चालत नाही. अखेर जिल्हा रुग्णालयाच्या वयाच्या दाखल्यावर काम झाले. त्यात गेलेले आठ महिने त्यांना कोण परत देणार?

प्रश्न एका मावशीचा नाही. म्हातारपण कधी सुरू होते, हे कोण ठरवते? २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा म्हणतो ६०. योजना म्हणते ६५. आणि जी पोर वयाच्या बाराव्या वर्षी खुरपे हातात घेते, तिचे शरीर काय म्हणते? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण घ्या. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयासोबत अंडाशयही काढले की पाळी अवेळी जाते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणजे तिशी-पस्तिशीतच म्हातारपण दारात उभे! पण तिला पेन्शन मिळणार तीस वर्षांनी, तीही जगली वाचली तर.

आता सरकारच्या पाहण्या काय सांगतात ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही देशातील स्त्रियांच्या आरोग्याची सर्वात मोठी पाहणी. तिच्यातील स्त्रियांची मुख्य मुलाखत होते ती १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचीच. पुढच्या फेऱ्यांत रक्तदाब आणि साखर मोठ्या वयाच्या माणसांचीही मोजली गेली, हे खरे. पण लेकरे किती, नसबंदी केली की नाही, घरात मारहाण होते की नाही, हे सारे विचारायचे ते पन्नाशीच्या आतल्या बाईला. मूल होण्याचे वय सरले की शासनाची तिच्यातील उत्सुकताही सरते. विधवा झालेली, सुनेच्या हाताकडे पाहणारी, मोतीबिंदूने चाचपडणारी आई त्या कागदावर येतच नाही.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढली ती 'लासी' या वार्धक्यविषयक पाहणीने. मुंबईत देवनारला इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस ही संस्था आहे. ती स्थापन झाली १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. या संस्थेने २०१७-१८ मध्ये वयाच्या ४५ वर्षांपुढील माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली. हाताची पकड किती घट्ट आहे, चालण्याचा वेग किती, ऐकलेले शब्द आठवतात का, येथपासून ते आयुष्याबद्दल समाधान वाटते का आणि लोक अपमानाची वागणूक देतात का, येथपर्यंत सारे विचारले. जातीचा प्रवर्गही नोंदवला. म्हणजे साहित्य तयार आहे. प्रश्न आहे तो वाचणाऱ्यांचा. देवनारच्याच कचराडेपोवर जन्म घालवलेल्या आमच्या बायांच्या नजरेने हे आकडे वाचणार कोण?

कारण आकडा बोलत नसतो, त्याला बोलते करावे लागते. २०२२ साली संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या अभ्यासकांनी नऊ राज्यांतील आयुर्मानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी निघाले. गरिबीमुळे असे होते, हे नेहमीचे उत्तर त्यांनी तपासले. आर्थिक परिस्थितीने या दरीचा निम्माही भाग उलगडत नाही, असे दिसले. 'जात आता उरली कुठे?' असे विचारणाऱ्यांच्या हातात हा कागद दिला पाहिजे.

इथे आपल्या वक्त्यांनाही एक सांगणे आहे. दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे कमी जगते, असे आपल्या सभांतून सांगितले जाते. यूएन विमेनच्या २०१८ च्या अहवालातील तो आकडा मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा आहे, आयुर्मानाचा नव्हे. ज्या समाजात तरुण माणसे आणि लहान मुले अधिक, तिथे हे सरासरी वय आपोआप खाली येते. अन्याय खरा आहे. पण चुकीचा आकडा घेऊन न्यायालयात उभे राहिले तर विरुद्ध बाजूचा वकील पाच मिनिटांत खटला मोडतो. बाबासाहेबांनी 'रुपयाचा प्रश्न' लिहिला तो घोषणांवर नव्हे, पुराव्यांवर.

दुसरी अडचण आकड्यांच्याही आधीची आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ साली दाखवून दिले की, आपण आजारी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळात अधिक आणि बिहारमध्ये कमी भरते. प्रत्यक्षात केरळचा माणूस जास्त जगतो. शिक्षण आणि दवाखाना ज्याला मिळाला, त्यालाच दुखणे ओळखता येते. आमच्या आईला विचारा, तब्येत कशी? ती म्हणणार, "बरं चाललंय." पाहणी करणारा 'उत्तम' या रकान्यात खूण करून पुढे जातो. त्या 'बरं चाललंय'मागे चाळीस वर्षांची गुडघेदुखी आहे, हे त्याला कसे कळावे? ज्याची आई असे बोलते, त्याला ते कळते. तो दुसरा प्रश्न विचारतो, "पाणी कोण भरतं? संडासला किती लांब जावं लागतं?"

म्हणूनच आरोग्य, वार्धक्य आणि स्त्रीप्रश्न यांवरचे संशोधन हे आपल्या मुलामुलींचे क्षेत्र झाले पाहिजे. आज हुशार मुलगी निघाली की घरचे म्हणतात, एमपीएससी दे, नाहीतर डी.एड. कर. लोकसंख्याशास्त्र, सामाजिक आरोग्य, संख्याशास्त्र ही नावे वस्तीत कोणी घेत नाही. वाट लांब आहे, मान्य. एम.ए.पासून पीएच.डी.पर्यंत सात-आठ वर्षे सहज जातात. त्यात अधिछात्रवृत्ती वेळेवर नाही. २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागला. संशोधकाला ग्रंथालयातून उठवून मैदानात बसवणे ही काय व्यवस्थेची साधी चूक समजायची?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी बाळंत होणाऱ्या कामगार स्त्रीच्या विश्रांतीची बाजू मांडली. त्या स्त्रीच्या लेकी-नातींचे म्हातारपण आज कायद्याकडे तोंड करून उभे आहे. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार, असे २०२५ मध्ये जाहीर झाले आहे. त्या नोंदीतून वय, लिंग आणि जात यांचे एकत्रित तक्ते प्रसिद्ध झालेच पाहिजेत. हातमजुरी करणाऱ्या स्त्रीसाठी पेन्शनचे वय खाली आले पाहिजे. २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार झालेल्या रकमेत महिन्याचे औषध तरी येते का, हे मंत्र्यांनी सांगितले पाहिजे.

आणि आपण? प्रत्येक विहारात एक वही ठेवा. पंचेचाळिशीपुढच्या प्रत्येक बाईचे वय, काम, आजार आणि कोणते कागद नाहीत, हे तिच्यात लिहा. वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलीकडे ती वही सोपवा. 'लासी'चे आकडे संशोधकांना अर्ज करून मिळतात. तिने ते मागवावेत, वहीशी ताडून पाहावेत आणि पुढे जायचे असेल तर समाजाने तिची फी भरावी. उद्या तहसीलदाराने मावशीचा अर्ज परत केला, तर त्याच्या टेबलावर तिच्यासारख्या शंभर जणींचा पुरावा ठेवता आला पाहिजे.

जयभीम!