रक्ताचा वेग वाढला, पण नजर वाचली का?

काचबिंदूच्या रुग्णाच्या उशाशी हल्ली डोळ्यांच्या थेंबांशेजारी आणखी एक बाटली दिसते: गिंको, बिलबेरी, ल्युटीन अशा नावांच्या कॅप्सूलची. तिची बाजू मांडणारे म्हणतात, काचबिंदू हा नुसता दाबाचा आजार नाही, डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं. कॅप्सूल रक्तपुरवठा वाढवते. म्हणून ती नजर वाचवते.

यातलं पहिलं विधान खरं आहे. डोळ्यातला दाब २१ या ‘नॉर्मल’च्या मर्यादेच्या वर कधीच गेला नाही, तरी नस वाळत चालली आहे, असे रुग्ण भरपूर आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा रक्तदाब रात्री फार उतरतो, काहींच्या नसेच्या कडेला रक्ताची बारीक रेघ दिसते. रक्तपुरवठ्याचा प्रश्न खोटा नाही.

गडबड पुढे आहे. १९९९ साली ११ निरोगी माणसांना दोन दिवस गिंको दिलं, तेव्हा डोळ्याच्या मुख्य धमनीतला रक्ताचा वेग सुमारे पाव पटीने वाढला. हा आकडा पुढे करणारे दोन गोष्टी सांगत नाहीत. ही मोजणी कलर डॉप्लर या ध्वनिलहरींच्या तपासणीने झाली; ती वेग मोजते, धमनीची रुंदी नाही. बागेतल्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार जोरात उडते, पाणी वाढत नाही. शिवाय ती धमनी डोळ्याच्या खोबणीतल्या अनेक भागांना रक्त देते. नसेच्या मुखाला रक्त पोचवतात त्या तिच्या केसासारख्या शाखा, आणि तिथे काय झालं ते या आकड्यावरून कळत नाही.

मग नजरेचं काय? २००३ साली इटलीत २७ रुग्णांची दृष्टिक्षेत्राची तपासणी चार आठवड्यांच्या गिंकोनंतर सुधारलेली दिसली. २०१४ साली चिनी रुग्णांवर तोच डोस, तितकेच आठवडे वापरून पाहिलं, तर काहीच फरक पडला नाही. ज्या आजारात नुकसान वर्षानुवर्षं सरकत जातं, त्याचा निकाल महिनाभरात लावणं मला मुळातच मान्य नाही.

आता डोळ्याचा दाब उतरवण्याची बाजू; थेंब तेच काम करतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पुढाकाराच्या अभ्यासात दाब ‘नॉर्मल’ असलेलेच रुग्ण घेतले होते. ज्यांचा दाब ३० टक्क्यांनी उतरवला त्यांच्यापैकी १२ टक्क्यांचा आजार वाढला; ज्यांना उपचार नव्हते त्यांच्यात ३५ टक्क्यांचा. २०१५ साली ब्रिटनमध्ये ५१६ रुग्णांवर लॅटानोप्रॉस्टचे थेंब आणि औषध नसलेले थेंब यांची तुलना झाली, आणि दोन वर्षांच्या आतच औषधाने दृष्टिक्षेत्र राखल्याचं दिसलं. कॅप्सूलवाल्यांकडे या तोडीचं काहीही नाही. डोळ्यात रक्त शिरतं ते रक्तदाब आणि डोळ्याचा दाब यांच्यातल्या फरकाच्या जोरावर. डोळ्याचा दाब उतरवला की तो फरक वाढतो. म्हणजे रक्तपुरवठ्याचाच कैवार घ्यायचा, तर तो थेंबांचा घ्यायला हवा!

निकोटिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, मी या कॅप्सूलच्या रांगेत बसवत नाही. २०१७ साली उंदरांवर आणि २०२० साली ऑस्ट्रेलियात ५७ रुग्णांवर त्याने आशा दाखवली, आणि मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. पण तिथला डोस दिवसाला तीन ग्रॅमपर्यंत जातो. एवढ्या डोसाने यकृताला इजा होऊ शकते, म्हणून तो डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. गिंकोही निरुपद्रवी नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर ते रक्तस्राव वाढवू शकतं.

मला खरी भीती वेगळीच वाटते. थेंब झोंबतात, डोळे लाल करतात, आणि घातल्यावर नजर काही सुधारत नाही. कॅप्सूल गुमान गिळली जाते. पैशाची ओढाताण झाली की आधी थेंब सुटतात. म्हणून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. अशा पूरक आहारावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. कॅप्सूलचा पैसा थेंबांवर घाला. खालची पापणी ओढून एकच थेंब सोडा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. रक्तदाबाची गोळी रात्री घेत असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना तसं सांगा, आणि चाळिशी ओलांडलेल्या सख्ख्या भावंडांना तपासणीसाठी सोबत न्या.