सकाळी गाडी बंद पडते? आधी नीट पाहा, मग पार्ट बदला

थंडीत सकाळी गाडी चालू होते आणि लगेच बंद पडते. दोन-तीनदा स्टार्टर मारला की धरते. मग दिवसभर काही तक्रार नाही. म्हणून तुम्ही दुखणं अंगावर काढता.

तसं करू नका. गेटबाहेर वळताना इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं. ब्रेकही एक-दोनदा दाबला की कडक होतो. मागे मुलं बसलेली असताना ही जोखीम नको.

घाबरून लगेच पार्टही बदलू नका. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन तापतं आणि खोड लपते. मेकॅनिकला काहीच दिसत नाही. मग अंदाजाने प्लग बदलतात, बॅटरी बदलते, आणि पैसे तुमचे जातात. म्हणून सकाळची पहिली दोन मिनिटं तुम्हीच नीट पाहायला हवीत.

पेट्रोल गाडी असेल तर उद्या सकाळी एवढं करा.

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा.

आधी नुसती चावी फिरवा. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक घरघर ऐकू येते. तो पेट्रोलचा पंप. आवाज आला नाही तर पंप आणि त्याचा फ्यूज तपासून घ्या. चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी चावी लावून पाहा.

आता स्टार्टर मारा. तो रडत फिरला, दिवे मंद झाले, तर आधी बॅटरी तपासा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते.

इंजिन चालू झालं की आरपीएमचा काटा पाहा. थंड इंजिनात तो हजाराच्या वर असतो आणि हळूहळू उतरतो. तुमच्या गाडीत तो सुरुवातीलाच खाली पडत असेल तर हलकी रेस द्या. रेस दिल्यावर इंजिन टिकलं, तर हवेच्या वाटेवरच्या थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असू शकते. आधी ती साफ करून घ्या. अनेकदा तेवढ्यानं भागतं.

रेस देऊनही बंद पडत असेल तर पेट्रोल कमी पडत असण्याचा संभव जास्त. तापमानाचा सेन्सरही तपासायला सांगा. तो बिघडला की कधीकधी गाडीला इंजिन तापलंय असं वाटतं आणि ती पेट्रोल कमी सोडते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत स्कॅनर 80 अंश दाखवत असेल, तर दोष तिथेच आहे.

सीएनजी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की जपा. तुमची गाडी सहसा पेट्रोलवर चालू होते आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जाते. पण पेट्रोल महाग म्हणून टाकी जवळजवळ रिकामी ठेवली जाते. उरलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून शिळं होतं. पंपाला थंड ठेवणारंही तेच पेट्रोल. ते कमी असलं की पंप तापतो आणि लवकर खराब होतो. सकाळी बंद पडणारी गाडी गॅसवर गेल्यावर छान चालत असेल, तर दोष पेट्रोलच्या बाजूला शोधा. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. आठवड्यातून एकदा तरी काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

जे दिसलं ते लिहून ठेवा. मोबाइलवर व्हिडिओ काढा. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला ठेवा. म्हणजे सकाळी मेकॅनिक स्वतः थंड इंजिन चालू करून पाहील.

पार्ट बदलायला सांगितलं तर कारण विचारा. जुना पार्ट परत मागा. यात संकोच कसला? गाडी तुमची, घामाचा पैसाही तुमचा.