पालव्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत

दिवाळी अंकाचे दिवस जवळ आले की संपादकांचे पत्र ठरलेले. “यंदाही एखादी वाट सांगा, पण घरातल्या लहानथोर सगळ्यांना झेपेल अशी सांगा.” आजवर या सदरातून डोंगर झाले, घाट झाले, नदीकाठ झाले. यंदा समुद्रकाठची वाट सांगतो म्हटल्यावर आमच्या घरात हशा पिकला. शेगावच्या माणसाने समुद्राची वाट सांगायची! आमच्या गावाला समुद्र म्हणाल तर नावापुरता. संस्थानाने बांधलेला आनंदसागर. त्याला ना भरती, ना ओहोटी.

चालण्याचे मात्र आम्हाला कुणी शिकवू नये. आषाढीसाठी श्रींची पालखी आमच्या गावाहून पंढरपूरला पायी जाते, ती वाट महिन्याभराची. त्यापुढे ही माझी वाट म्हणजे जेवणानंतरची शतपावली. मुंबईच्या पूर्वेच्या अंगाला, गेट वे ऑफ इंडियापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत पाच-सहा किलोमीटर. चढ नाही, उतार नाही. रमतगमत गेलात तरी दोन-अडीच तासांत होते.

पण ही वाट चालण्याचे माझे कारण निराळे होते, ते आधी सांगितले पाहिजे.

माझे वडील शेगावात कापसाच्या प्रेसमध्ये मापारी होते. मोसमात गावात बंड्यांची रीघ लागे. जिनात सरकी निघे, रुई प्रेसमध्ये जाई आणि तिची लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ बाहेर पडे. एकेक गाठ 392 रतलांची, म्हणजे आजच्या मापाने पावणेदोनशे किलोंहून थोडी जास्तच. बाबा ती काट्यावर चढवीत, वहीत आकडा मांडीत आणि पत्र्याचा ठसा ठेवून काळ्या शाईने तिच्या अंगावर खुणा उमटवीत. मुंबईला जाणाऱ्या मालाच्या रेल्वे पावतीवर ठिकाण असे : वाडीबंदर. तो शब्द त्यांनी आयुष्यात किती हजार वेळा लिहिला असेल, गजानन महाराज जाणोत. ते स्वतः मात्र भुसावळच्या पलीकडे कधी गेले नाहीत. मुंबईचा कुणी पाहुणा घरी आला की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे, “काय हो, समुद्राला पलीकडचा काठ दिसतो का?” पाहुणे हसत. बाबा आपले पुन्हा विचारीत. त्यांना त्याचे नीट उत्तर मिळालेले मी कधी ऐकले नाही.

माझी नात शिक्षणासाठी मुंबईत असते. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा म्हटले, “मला वाडीबंदर दाखव.” तिला वाटले आजोबांचे काहीतरी चुकते आहे. “आबा, तिथे पाहण्यासारखे काय आहे? गेट वे पाहा, राणीचा बाग पाहा.” शेवटी तडजोड झाली. गेट वेपासून निघायचे, वाडीबंदरावरून जायचे आणि भाऊच्या धक्क्यावर थांबायचे. पिशवीत पाण्याची बाटली आणि गावाहून नेलेल्या कचोऱ्या.

रविवारी सकाळी सातला आम्ही गेट वेपाशी होतो. या जागेचे जुने नाव पालवा बंदर. साहेबाच्या जिभेवर त्याचे अपोलो झाले. 2 डिसेंबर 1911 रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी येथे उतरले. त्या स्वागताची आठवण म्हणून जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे ही कमान उभी राहिली. ती खुली झाली 4 डिसेंबर 1924 रोजी. पुढे सुमारे 23 वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1948 रोजी, गोऱ्या सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. राजाला वाजतगाजत आत घेतले आणि त्याच्या फौजेला त्याच दारातून निरोप दिला.

पायऱ्यांशी घारापुरीच्या लाँचा डुलत होत्या. फुगेवाले, फोटोवाले, कबुतरे, सगळा थाट. मी मात्र समोर पाहत होतो. पाण्यावर धुके होते. पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे लागते ते कळेना. नात म्हणाली, “काय शोधताय?” म्हटले, “काही नाही. चल.”

येथून उत्तरेला शहीद भगतसिंग मार्ग धरावा. उजव्या हाताला नौदलाच्या गोदीची भिंत लागते आणि सिंहांचे लायन गेट येते. येथे छायाचित्रे काढण्याच्या भानगडीत पडू नये. भिंतीआड जो जुना कारखाना आहे, त्याची हकिकत मुलांना जरूर सांगावी. 1736 साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार येथे आला आणि त्याच्या घराण्याने पिढ्यानुपिढ्या जहाजे बांधली. मलबारी सागवानाचे त्यांचे ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज 1817 साली पाण्यात उतरले. ते इंग्लंडात हार्टलपूल बंदरी आजही तरंगते आहे. फेब्रुवारी 1946 मध्ये नाविकांनी बंड केले तेव्हाही हाच परिसर धगधगत होता. बराकींत अडकलेल्या नाविकांसाठी मुंबईच्या सामान्य माणसांनी पालव्याच्या काठावर खाण्याची पुडकी आणून दिली होती.

दहा-पंधरा मिनिटांत हॉर्निमन सर्कलची गोल बाग येते. समोर टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या. आम्ही त्या पायऱ्यांवर टेकलो आणि मी नातीला म्हटले, “ही बाग नव्हती तेव्हा येथे मोकळे मैदान होते. त्यावर कापसाच्या गाठींचे डोंगर रचलेले असत.” ती म्हणाली, “इथे? बँकांच्या दारात?” होय, इथेच. 1844 साली तो बाजार कुलाब्याला हलला आणि पुढे शिवडीला गेला. हार्बर लाइनवर ‘कॉटन ग्रीन’ नावाचे स्टेशन आहे, ते त्याच कापसाच्या नावाचे.

अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळवले. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच 1865 मध्ये तो ओसरला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. वऱ्हाडाचा कापूस मात्र मुंबईच्या वाटेला लागला तो लागलाच. भुसावळ-नागपूर लोहमार्ग 1867 मध्ये पुरा झाला आणि आमचे शेगाव त्या मार्गावर आले. शेजारच्या जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा निघाला, तो 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी सुरू केला. केवढी धावपळ ती, आणि कशासाठी, तर आमच्या काळ्या मातीतले बोंड लवकर समुद्राला लागावे म्हणून!

पुढे बॅलार्ड इस्टेट. रुंद पदपथ, सावली, एकसारख्या दगडी इमारती. रविवारी येथे इतकी शांतता असते की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. आज जिला इंदिरा गोदी म्हणतात, ती अलेक्झांड्रा डॉक 1914 मध्ये खुली झाली. ती खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर ही वसाहत उभी आहे. येथून गोदीचे दरवाजे सुरू होतात. त्यांची नावे रंगांवर : हिरवा, तांबडा, निळा, नारिंगी, पिवळा. लहान मुले बरोबर असतील तर दरवाजे ओळखण्याचा खेळ चांगला रंगतो.

यानंतर पी. डिमेलो मार्ग. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांचे नाव या रस्त्याला आहे. एका बाजूला गोदीची भिंत, दुसऱ्या बाजूला वखारी. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण दिसेल तर शपथ! भिंतीवरून फक्त क्रेनच्या माना दिसतात. मशीद बंदराच्या बाजूला एका हातगाडीशी दोन-तीन हमाल चहा घेत बसले होते. त्यांच्यातला वयस्क गृहस्थ म्हणाला, “आजोबा, रस्ता चुकलात काय?” म्हटले, “नाही, वाडीबंदर पाहायला निघालो आहे.” तो खो खो हसला. “वाडीबंदर पाहायला? आणि गाव कोणते?” शेगाव म्हणताच त्याने कप खाली ठेवून हात जोडले. “जय गजानन!” मग आमच्यासाठी दोन चहा आले. पैसे काही त्याने देऊ दिले नाहीत. कचोऱ्या मात्र आनंदाने घेतल्या.

त्याला विचारले, “वाडीबंदर कुठे?” त्याने हात केला. “हे काय, हेच.”

मी पाहत राहिलो. रेल्वेचे यार्ड, रुळांचे जाळे, उभे डबे, डोक्यावरून जाणारा उड्डाणमार्ग. मालाचा तो जुना गजबजाट नाही. आता येथे गाड्यांची देखभाल होते. ना लाटा, ना शिडे. बाबांच्या मनातले बंदर कसे होते कोण जाणे! एवढे खरे की त्यांनी मोजलेली गाठ येथे उतरत होती. नात काही बोलली नाही. तिने माझा हात धरला तेवढा.

याच पट्ट्यात, व्हिक्टोरिया गोदीत, 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटले. त्यात सुमारे 1,400 टन दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या आणि कराचीला भरलेल्या हजारो कापसाच्या गाठी होत्या. आग लागली ती कापसाच्या भागात. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. गोदीतले घड्याळ त्या वेळेवर बंद पडले. शेकडो माणसे गेली, त्यांत 66 अग्निशामक जवान होते. 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. बाबा म्हणत, “दाबलेली रुई पेटली तर जाळ दिसत नाही, ती आतल्या आत धुमसते.” प्रेसमध्ये विडी ओढणाऱ्याला ते हाकलून देत. मला तेव्हा तो त्यांचा तापटपणा वाटे.

ती व्हिक्टोरिया गोदी आणि तिच्या शेजारची प्रिन्सेस गोदी आता बुजवल्या गेल्या आहेत. मालाचा मोठा ओघ 1989 मध्ये पलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यापासून तिकडे गेला. या मोकळ्या होत चाललेल्या जागेचे काय करायचे याच्या योजना कधीच्या निघत आहेत. माझे मागणे एवढेच की जे काय कराल त्यात चालणाऱ्याला पाण्यापर्यंत एक वाट ठेवा. ज्यांच्या कष्टाने ही बंदरे भरली, त्यांच्या नातवंडांना समुद्र भिंतीआडून ऐकावा लागू नये.

शेवटचा टप्पा उजवीकडे वळून भाऊच्या धक्क्याचा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोकांच्या तोंडी ‘भाऊ’, यांनी 19 व्या शतकाच्या मध्यास येथल्या काठावर धक्का बांधला. त्याआधी उतारूंनी चिखल तुडवीत होडी गाठायची असे. कोकणच्या आगबोटी येथूनच सुटत. 17 जुलै 1947 रोजी सकाळी ‘रामदास’ बोट रेवसला निघाली ती याच धक्क्यावरून. काश्याच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते.

आज धक्क्यावर मासळीबाजाराची झुंबड असते. आम्हा माळकऱ्यांच्या नाकाला तो वास जरा जड गेला. पण कोळणींची चपळाई पाहून थक्क झालो. एकीने टोपली सावरीत म्हटले, “बाबा, बाजूला व्हा, लुगडं भिजंल पोरीचं.” नातीच्या अंगात जीनची पँट होती!

साडेदहा वाजले होते. धुके विरले होते. धक्क्याच्या टोकाला जाऊन पाहिले तर समोर निळसर डोंगरांची रांग स्वच्छ उभी.

लाँचवरच्या खलाशाला विचारले, “ते काय हो?”

“उरण. मोऱ्याला चाललोय. येताय?”

नातीने माझ्याकडे पाहिले. मी तिला बाबांचा प्रश्न कधी सांगितला नव्हता. तो तेथे, तिकिटाच्या रांगेत सांगितला. आम्ही लाँचमध्ये बसलो. पाऊण-एक तासात मोऱ्याच्या धक्क्यावर उतरलो आणि मागे वळून पाहिले. पाण्यापलीकडे मुंबई दिसत होती, क्रेनसकट.

वाचकांपैकी कुणी ही वाट धरणार असेल तर हिवाळ्यातला रविवार निवडावा, सकाळी लवकर निघावे, टोपी आणि पाणी बरोबर घ्यावे. परतताना भाऊच्या धक्क्यावरून डॉकयार्ड रोड स्टेशन पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आणि समोरचे डोंगर दिसत असतील तर घरच्या वडीलधाऱ्यांना आवर्जून दाखवावेत.