दोर कुणाच्या पाठीवर?

माझी एक जुनी विद्यार्थिनी जिनिव्हात नोकरी करते. गेल्या एप्रिलमध्ये ती तीन सोबत्यांबरोबर फ्रान्समधल्या शामोनीहून स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला निघाली होती. पायाला स्की बांधून, हिमनद्या ओलांडत, पाच-सहा दिवसांत पार करायची ही आल्प्समधली प्रसिद्ध वाट. निघण्याआधी तिने पलंगावर मांडलेल्या सामानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "सर, तयारी पूर्ण." त्याच संध्याकाळी तिच्या अम्मीचा फोन आला. "सर, तुमचं ऐकते ती. जाऊ नको म्हणून सांगा."

मी मराठवाड्यातला माणूस. माझ्यासाठी बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी. तरी चार रात्री वाचत बसलो. "जाऊ नको" मी म्हटलं नाही. पण "तयारी पूर्ण" हे तिचं वाक्य मात्र खटकलं.

फोटोत काही कमी नव्हतं. दोर, हार्नेस, बर्फात फिरवून बसवायचे स्क्रू, कॅराबिनर, पुली, हिमलोटाखाली गाडलेल्या माणसाचा माग काढणारा ट्रान्सीव्हर, फावडं, शोधकाठी. पण हिमनदी वाहत असते. उतारावर ताण पडला की ती तडकते, आणि त्या भेगांवर ताज्या बर्फाचा पूल साचतो. वरून सगळं सपाट, पांढरं. पूल मोडला की माणूस ओरडायच्या आत दिसेनासा होतो. त्या क्षणी पलंगावर काय मांडलं होतं याला काही अर्थ नसतो. कुणाच्या अंगावर काय आहे, एवढंच उरतं.

म्हणून मी विचारलं, "बेटा, दोर कुणाच्या पाठीवर?"

"माझ्याच सर. मीच पुढे असते."

वर्गातही हिच्याच दप्तरात चौघींच्या वह्या असायच्या. आता पुढे असणारीच आधी खाली गेली, तर दोरही तिच्याबरोबर जाणार आणि वरचे तिघे हात चोळत बसणार. गटात दोन दोर हवेत, आणि एक शेवटच्या माणसाकडे. वजन वाचवण्याच्या नादात नेमका दुसरा दोरच घरी राहतो. बोटाहूनही बारीक असे हलके दोर आता मिळतात, पण ते हातातून निसटतात. त्यांना घट्ट धरणारी दातेरी पुली वेगळी लागते.

हार्नेसचंही तसंच. तो हिमनदीवर पाय ठेवण्याआधी कमरेला हवा आणि स्क्रू त्यालाच लटकलेला हवा, म्हणजे खाली अडकलेला माणूस निदान स्वतःला भिंतीशी बांधून घेऊ शकतो. काही वाटाडे हार्नेसची एक पट्टी वर आणून सॅकच्या खांद्याशी अडकवून ठेवतात. भेगेत रुतलेल्याच्या कमरेपर्यंत हात पोहोचत नाही, खांद्यापर्यंत पोहोचतो.

"आम्ही अनुभवी आहोत" म्हणणाऱ्यांनी लुई लाशनाल आठवावा. 1950 साली अन्नपूर्णा शिखरावर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या दोघांपैकी एक. 1955 च्या नोव्हेंबरमध्ये, शामोनीजवळच्याच व्हाले ब्लांश या हिमनदीवर स्की करताना तो भेगेत पडून गेला. ती त्याच्या रोजच्या अंगणातली जागा होती.

कपड्यांबद्दल तर मला रागच येतो. फोटोंत हे लोक उन्हात बाह्या वर करून चढताना दिसतात. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन खरंच भाजतं. पण त्याच घामेजल्या कपड्यांत माणूस भेगेत पडला, तर खाली ओल आणि गोठवणारी थंडी. सुती बनियन तिथे शत्रू. अंगाला लोकर हवी. पिसांचं जाकीट भिजलं की ऊब धरत नाही. आणि जाकीट सॅकच्या तळाशी असेल, तर लटकलेल्या अवस्थेत ते काढणार कसं? थंडीला भेगही लागत नाही. 2018 च्या एप्रिलअखेर याच वाटेवर, पीन द'आरोला शिखराजवळ, वादळात रात्र उघड्यावर काढावी लागलेल्यांपैकी सात जण दगावले. विन्येतचा निवारा तिथून काही शे मीटरवर होता.

बी.एड.ला पाठाच्या टाचणात ज्ञान आणि कौशल्य ही उद्दिष्टं वेगळी लिहायला लावत, तेव्हा कंटाळा यायचा. इथे तो फरक कळला. स्की आडवी पुरून आधार कसा करायचा, दोर झेड आकारात फिरवला की ओढायचा भार कागदावर एक-तृतीयांश होतो, हे तिला तोंडपाठ होतं. मी म्हटलं, "हातमोजे घालून करून दाखव."

तिने जिन्याच्या कठड्याला दोर बांधून पुस्तकांनी भरलेली सॅक ओढली. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली. दोर कडेवर घासून अडकत होता. बर्फात तर तो काठ कापत आत रुततो, म्हणून त्याच्याखाली स्की किंवा कुऱ्हाड सरकवावी लागते, हे तिला तेव्हा आठवलं. चौथ्या वेळी पंधरा मिनिटं. सोबत्यांनाही तिने बोलावून घेतलं, कारण पडणारी तीच असू शकते.

मग मी अम्मींना फोन केला. म्हटलं, ती जाणार आहे. दोन दोर आहेत, दुसरा शेवटच्या मुलाकडे, आणि तिला वर ओढणं आता तिघांनाही जमतं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"आणि स्वेटर? तो वर ठेवलाय ना, हाताशी?"