सहीपूर्वीचे वाचन

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा हे तापी खोऱ्यातील गाव मध्य प्रदेशाच्या हद्दीत, आमच्या किनारपट्टीपासून बरेच दूर आहे. तरीही खानदेशाला लागून असलेल्या त्या पट्ट्यातील केळी बागायतदारांपुढे जो पेच उभा राहतो, तोच रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंबा-काजूवाल्यांपुढेही उभा राहतो. शेतकऱ्याने आपल्या बागेतील घड स्वतः विकला, तर त्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. परंतु त्याच शेतकऱ्याने चार शेजारी जमवून उत्पादक कंपनी स्थापिली आणि कंपनीने ते घड विकत घेऊन दिल्लीच्या बाजारात धाडले, की कायद्याच्या नजरेस तो व्यापार होतो आणि कंपनीचा नफा करास पात्र ठरतो. घड तोच, माणसेही तीच. म्हणूनच हा भेद संचालकांच्या सहजी गळी उतरत नाही. कंपनीचा नफा विवरणपत्रात शेतीचे उत्पन्न म्हणून दाखविण्याची चूक जन्मते ती येथे.

कंपनी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईच्या फोर्टातील कचेऱ्या येतात. पण 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून दहा उत्पादक शेतकरी एकत्र येऊन कंपनी काढू शकतात. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना सुरू केली, तेव्हा या मार्गास आणखी चालना मिळाली. योजनेत प्रत्येक संस्थेस व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत 18 लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले आणि त्यातच हिशेबनिसाच्या पगाराची सोय केली. तीन वर्षे सरल्यावर तो पगार कंपनीने आपल्या मिळकतीतून द्यावयाचा. कायद्याची बंधने मात्र तीन वर्षांनी सरत नाहीत. नफा असो वा तोटा, कंपनीला विवरणपत्र भरावेच लागते. लेखापरीक्षणही चुकत नाही. ‘यंदा काही उरलेच नाही, मग पत्रक कशाला?’ असे म्हणणाऱ्याचा तोटा दुहेरी होतो, कारण मुदतीत पत्रक न भरल्यास धंद्यातील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वळता करून घेण्याचा हक्क जातो. घसाऱ्याची न वापरलेली रक्कम तेवढी वाचते.

विवरणपत्र तपासणे म्हणजे बेरजा पडताळणे, अशी एक समजूत रूढ आहे. बेरजा आता यंत्र करते आणि त्या बहुधा बरोबरच असतात. तपासावयाचे ते निराळेच. उत्पादक कंपन्यांना 2018 सालच्या वित्त कायद्याने जी शंभर टक्के वजावट दिली, तिचेच उदाहरण घ्या. उलाढाल शंभर कोटींच्या आत हवी, ही अट सर्वांच्या तोंडी असते. पण वजावट मिळाली ती सभासदांनी पिकविलेल्या मालाच्या विक्रीवरील वा प्रक्रियेवरील नफ्यास. हंगामात गाडी भरण्यासाठी कंपनीने बिनसभासदांकडून घड घेतले, तर त्यावरील नफा या वजावटीत बसत नाही. बँकेतील मुदत ठेवीचे व्याज तर मुळीच नाही. हा भेद ताळेबंदात दिसत नाही. तो खरेदीच्या पावत्यांत आणि सभासदांच्या नोंदवहीत दिसतो, आणि त्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहण्याचे काम गावातला संचालकच अधिक चांगले करील, कारण कोण सभासद आहे हे त्याला नावानिशी ठाऊक असते. शिवाय ही सवलत 2018-19 पासून पाच वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. गतवर्षीच्या पत्रकावरून यंदाचे उतरवून काढणारा मुदतीकडे पाहतोच असे नाही.

रोखीच्या व्यवहारांचेही तसेच. एका दिवसात एका व्यक्तीस 10,000 रुपयांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च करासाठी अमान्य होतो. माल पिकविणाऱ्यालाच दिलेली रक्कम यास अपवाद आहे, पण मधल्या दलालाला दिलेली नाही. मालमोटारवाल्यासाठी मर्यादा 35,000 ची आहे. रोजकीर्दीत नुसते ‘केळी खरेदी’ एवढेच लिहिले असेल, तर तपासणाराने काय ओळखावे?

सर्वांत जिव्हारी लागणारी चूक अर्ज विसरण्याची. 2019 साली देशी कंपन्यांना 22 टक्के दराचा पर्याय मिळाला. मात्र त्यासाठी 10-आयसी हा स्वतंत्र अर्ज मुदतीत भरणे आवश्यक केले. पहिल्याच वर्षी अनेक कंपन्यांनी विवरणपत्रात पर्याय निवडला आणि अर्ज राहून गेला. अखेर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला 2022 मध्ये परिपत्रक काढून त्यांना 30 जूनपर्यंत सवड द्यावी लागली. अशी दया दरवर्षी होत नसते. शिवाय हा पर्याय एकदा घेतला की मागे घेता येत नाही, आणि वर सांगितलेली उत्पादक कंपनीची वजावट त्याच्यासोबत मिळत नाही. दोन्ही रकाने भरलेले पत्रक वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटता कामा नये.

सगळा दोष सनदी लेखापालाच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. अल्प मोबदल्यात मुदतीच्या तोंडावर आलेले कागद तो निस्तरीत असतो. पत्रक जो तयार करतो त्यानेच ते तपासावे, ही रीतच चुकीची आहे. स्वतःची चूक स्वतःस दिसणे कठीण. संचालकांनी सही करण्यापूर्वी मसुदा मराठीत समजावून मागावा आणि मागील वर्षाशी जेथे फरक पडला तेथे कारण विचारावे. कापलेल्या कराच्या सरकारी नोंदी आपल्या वहीशी ताडून पाहाव्यात. योजनेखाली प्रशिक्षणावर खर्च होतो, त्यात या वाचनाचा एक दिवस घालणे कृषी खात्यास जड जाऊ नये. कंपन्यांना विवरणपत्रासाठी सामान्यतः 31 ऑक्टोबरपर्यंत मुदत असते. आमच्याकडे ते दिवस भातकापणीचे. तेव्हा बैठक बोलावली तर निम्मे संचालक शेतावर असतात. ती नवरात्रापूर्वीच बोलवावी.